कलेजीचा आळ

"रक्त आलंय म्हणतात," चंदू दारातूनच म्हणाला आणि चपला काढायचंही विसरला.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका घरातली ही १९८९ सालची गोष्ट. चार महिन्यांपूर्वी चंदूचे वडील दामाजी पोटातल्या कळेने गडबडा लोळले होते. मोठ्या आतड्याला आलेल्या पिशव्या सुजल्या होत्या. ते बरे झाले, पण त्याच आतड्यात कर्करोगाने मूळ धरलं नाही ना, याचा अंदाज घ्यायला नौपाड्यातल्या डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली होती. डोळ्यांना न दिसणारं रक्तही तीत सापडतं... आणि ते सापडलं होतं!

"तपासणीआधीच्या पथ्याच्या दिवसांत मटण, कलेजी असलं काही खाल्लं का, विचारून या म्हणाले. जनावराचं रक्तही त्यात दिसतं."

चंदूची बायको मालू स्टोव्हपाशी उभी होती. तिने सासूकडे पाहिलं. दगडाबाईंचा चेहरा उतरला होता. नवऱ्याला ताकद यावी म्हणून त्यांनीच त्याला रोज कलेजी भाजून घातली होती. "मटण नको सांगलंय, कलेजी तर औषध हाय," असं त्या मालूलाच म्हणाल्या होत्या. आता त्यांनी पदर तोंडाला लावला.

मालू चार महिने एक आळ वाहत होती. कळ आली त्या संध्याकाळी दामाजींनी तिच्या हातचं कालवण खाल्लं होतं, आणि तेव्हापासून "हिनं माझं पोट जाळलं" म्हणत ते तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हते. एक आळ अंगवळणी पडलेल्या माणसाला दुसऱ्याचं काय ओझं?

"मी केलेली कलेजी," ती सासऱ्यांना म्हणाली. "माझ्या हातची खाल्ली नसती तुम्ही, म्हणून आयच्या हाती दिली."

"आधी कालवण, मग कलेजी," दामाजी म्हणाले. "आता काय ऱ्हायलंय, पोरी?"

दुसऱ्या तपासणीसाठी पुन्हा पथ्य सुरू झालं. घरात डाळ-भात शिजू लागला, आणि एरवी गल्ली दणाणून सोडणारा तो माणूस भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहू लागला. ते मौन मालूला सोसवेना. त्यांनी आपल्याला जन्मभर बोल लावावेत, पण बोल लावायला असावेत... एवढंच ती एकवीरेला मागत होती.

दुसरा रिपोर्ट आणायला गेलेल्या चंदूचं हसू गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आलं.

"काही नाही, बाबा. रक्त नाही. तेव्हा पथ्य मोडलेलं, त्यानंच दिसलं असणार. दर वर्षी तपासत राहायचं, एवढंच."

"म्हंजे कलेजीनं मना जिवंतपणी मारला होता," दामाजी मालूकडे बघत म्हणाले.

"गप ऱ्हावा," दगडाबाईंचा बांध फुटला. "कलेजी मी केलेली. पोरीनं माझी चूक डोक्यावर घेतली, न् मी तोंडाला पदर लावून बसली..."

"कालवणाचं पण तसंच हाय," दामाजी म्हणाले. "कालवणानं असलं दुखणं येत नाय, डाक्टर तवाच बोललेला. मना कबूल करायला तोंड नव्हतं."

"चार महिने, बाबा?" चंदू म्हणाला.

"चार महिने तुझ्या आयचं आळणी खाल्लं, ती शिक्षा कमी हाय?"

"आता आळणी झालं होय माझं?" दगडाबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या, आणि मालूला हसू आवरेना.

दामाजी टोपी घालून निघून गेले. परतले ते खाडीतला ताजा जिताडा मासा घेऊन. तो त्यांनी मालूच्या पुढ्यात ठेवला. "कालवण कर. तुझ्या हातचं."

दुपारी सगळे एका पंगतीला बसले. जिताड्याचं डोकं त्या घरात आजवर दामाजींशिवाय कुणाच्या ताटात गेलं नव्हतं. मालूने ते त्यांनाच वाढलं होतं. त्यांनी ते अलगद उचललं आणि तिच्या भातावर ठेवलं.

"बाबा, हे तुमचं..."

"खा," दामाजी म्हणाले. "काटे बघून."