मुशीवरचा श्वास

बस. दिवा राहू दे तसाच. तुझ्या आईच्या पावडरची बरणी कुठे गेली म्हणून सारखं विचारतेस, तर आज सांगूनच टाकते. मधे मधे प्रश्न काढू नकोस, नाहीतर मी उठून भांडी घासायला जाईन.

आमचं काम तुला ठाऊक आहे. जस्ताचं एक पांढरं संयुग आधी तयार करायचं, धुऊन वाळवायचं, मुशीत म्हणजे त्या चिनी मातीच्या वाटीत भरायचं आणि भट्टीत ठेवायचं. तापलं की त्यातलं जे जायचं ते वायू होऊन निघून जातं आणि मागे जस्ताचा ऑक्साइड उरतो. कण इतके बारीक की त्यांच्यापुढे पीठ म्हणजे खडी. गरम असताना तो पिवळा असतो, निवता निवता डोळ्यांदेखत पांढरा होतो. तो रंग बघायला मी मूस पुरती निवायच्या आतच झाकण काढायचे. ताई, म्हणजे तुझी आई, म्हणायची, तू कामाला येतेस की नाटक बघायला?

झाकण काढताना श्वास धरायचा, हा तुझ्या आईचा नियम. एक उसासा टाकला की दिवसभराची मेहनत हवेत. म्हणून आम्ही दोघी बहिणी गाल फुगवून उभ्या राहायचो. एकमेकींकडे बघायची चोरी, कारण बघितलं की हसू फुटायचं. पावडर बाटलीत गेली, बूच बसलं, की ताई श्वास सोडायची. लांबलचक, संपता संपायचा नाही. पुरे गं, छप्पर उडेल, असं मी तिला चिडवायचे.

ती गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तिने केलेल्या संयुगाची एक बरणी मागे राहिली. मी तिच्याच कृतीने करून बघितलं, पण माझे कण एकमेकांना चिकटून बसायचे. तिच्या हाताला गुण होता, दुसरं काय! शेवटी तिचीच बरणी उघडली. दुपारची वेळ होती, बाहेर दाट धुकं, खिडक्या दुधाने धुतल्यासारख्या. भट्टी एका सुरात घुमत होती. मूस काढली, श्वास धरून झाकण उचललं, पावडर भरली, बूच लावलं. आणि माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी लांब श्वास सोडला.

घाबरतेय कशाला? मला रडू कोसळलं, पण ते आनंदाचं.

मग मला चटकच लागली. काम असो नसो, तिच्या बरणीतली चमचाभर पावडर घ्यायची आणि तापवायला ठेवायची. त्या खोलीत झोपेत चालल्यासारखं वाटायचं. तापल्या विटांचा वास यायचा, भिंती हळूहळू लांब जायच्या, आणि मी ताईशी बोलत बसायचे. तुला दात आले, तू धरून धरून चालायला लागलीस, सगळं तिला सांगितलंय मी. उत्तर एकच, तो श्वास. पण बरणी तळाला जात होती, तसा तोही लांबून यायला लागला.

भट्ट्या दुरुस्त करायला एक तात्या यायचे, भारी चेष्टेखोर माणूस. एकदा ते दारातच थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, चिमूटभर तरी शिल्लक ठेव."

"तुम्हालाही ऐकू येतं?"

"मला तू बोलतेस तेवढंच ऐकू येतं... पण तू गप्प झालीस ना, की खोलीत कुणीतरी ऐकत बसलंय असं वाटतं."

त्यांचं ऐकायला हवं होतं. पण चिमूटभर ठेवून मी करणार काय होते? बरणीतली ताई मुकी. तापवली तर एकदाच का होईना, येणार तरी होती.

तापवली. त्या दिवशीही धुकं होतं. चिमट्याने झाकण उचललं, श्वास धरला... आणि डाव्या बाजूला कुणीच नव्हतं. रोज तिथे ती उभी असायची, हे मला ती नसल्यावर कळलं. मुशीतला पिवळा रंग कडेकडेने पांढरा होत चालला होता. पुरता पांढरा झाला की ताई कायमची गेली, असं का वाटलं कोण जाणे. मी मान वळवून श्वास सोडला, मुशीवर वाकले आणि आत घेतला... खोल... तिला हाक मारायला घ्यावा तसा. तोंडाला धग लागली. मूस चाटूनपुसून रिकामी झाली.

संध्याकाळी हुडहुडी भरली, जिभेवर गोडसर धातूची चव. हा जस्ताचा ताप आमच्या धंद्यात नवा नाही, आपोआप उतरतो. पण तात्यांनी ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी पाठीला नळी लावली. श्वास घ्या म्हणाल्या, घेतला. आता धरा म्हणाल्या, धरला.

बाई ऐकत राहिल्या.

"सोडू नका म्हटलं ना... धरा."

अगं, मी ओठ घट्ट मिटून धरलेलाच होता. त्यांनी नळी डावीकडे सरकवली, पुन्हा ऐकलं. बराच वेळ. मग नळी गुंडाळून ठेवली आणि गोळ्या लिहून दिल्या. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

ताई मला सापडली होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तिची भीती वाटली.

नाही. कान लावायचा नाही. तुझी आई असली तरी नाही... तेव्हापासून ती नुसती श्वास सोडतेय, तोच एक. अलीकडे बारीक झालाय, संपत आलाय. आणि सोडून झाला की माणूस पुन्हा श्वास घेतो, बाळा. तो ती कुणाचा घेईल, मला माहीत नाही.

मागे सरक जरा.