गवा-बंपरची आठवण

‘‘मॅडम, आता मी जे सांगणार हाय, त्याच्यावर कुणी इस्वास ठेवणार न्हाई,’’ केरबा मिस्त्री म्हणाला. ‘‘आणि तुमी तर पोलीस. तुमी अजिबात न्हाई.’’

उपनिरीक्षक शबाना मुजावर यांनी टेबलावरच्या न्यायमुद्रकाचं बटण दाबलं. या यंत्रात उमटलेला शब्द त्याच क्षणी न्यायालयाच्या संग्रहात जाऊन बसतो; नंतर तो पोलिसाला खोडता येत नाही आणि मंत्र्यालाही नाही. केरबा मिस्त्रीसमोर असं यंत्र ठेवणं धाडसाचंच होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवताना पन्नास वर्षांत त्यानं इतक्या थापा मारल्या होत्या, की त्यानं किती वाजले ते सांगितलं तरी लोक दुसऱ्याला विचारून खात्री करत.

‘‘मागच्या खेपेला तुम्ही सांगितलंत, तुम्ही बसवलेला गवा-बंपर बघून एक गवा लाजला.’’

‘‘लाजला न्हाई, थबकला. पेपरवाल्यानं वाढवून छापलं.’’

शहराबाहेरच्या माळावरची ती धातू-प्रयोगशाळा. मधल्या पोलादी टेबलावर सहा फुटी काळा बंपर आडवा पडला होता आणि भिंतीला चार टायर टेकवून ठेवले होते, प्रत्येक माणसाच्या कमरेइतका उंच. अभयसिंह इंगवले या बड्या कंत्राटदाराच्या एसयूव्हीवरून ते जप्त करून आणले होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेणू हेरवाडे खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. बाहेरच्या बाकावर अक्काताई चौगले बसली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तिचा नवरा हिंदुराव दूध घालायचा. दहा जानेवारीला सकाळी दाजीपूरच्या रस्त्यावर, ओढ्याच्या काठी तो मरून पडलेला सापडला. मोटारसायकल एकीकडे, किटल्या दुसरीकडे. जंगलाचा पट्टा वाढवल्यापासून त्या रस्त्यावर गवे उतरत, म्हणून पंचनाम्यात ‘गव्याची धडक’ असं लिहून सगळे मोकळे झाले. अक्काताई एकटी म्हणत राहिली, ‘‘गव्याला टायर असत्यात व्हय?’’ चिखलात हातभर रुंद टायरची खूण तिनं स्वतः पाहिली होती. मुजावर यांनी फाइल पुन्हा उघडली तेव्हा चिखल वाळून गेला होता आणि त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या एकुलत्या एका तसल्या गाडीचे, म्हणजे इंगवल्यांच्या एसयूव्हीचे, टायर नवे कोरे होते. परवा सुनावणी. धडकेचा पुरावा उभा राहिला नाही, तर हिंदुराव कायमचा गव्याच्या नावावर जमा होणार होता.

‘‘दहा जानेवारीपासून सांगा,’’ मुजावर म्हणाल्या.

‘‘साडेआठला अभयदादा आले. गॅरेजचं शटर नुकतं वर केलं हुतं. म्हणाले, मिस्त्री, गवा आडवा आला. बघतो तर बंपरच्या मधोमध खड्डा. गोल, ताटाच्या काठागत. मी म्हटलं, दादा, गव्याला गोल शिंग कवापासनं फुटाय लागलं?’’

‘‘असं तोंडावर म्हणालात?’’

‘‘मनात म्हटलं.’’

‘‘आणि तोंडानं?’’

‘‘तोंडानं म्हटलं, बसा, चहा मागवतो.’’ केरबानं मान खाली घातली. ‘‘गरम हवेचा झोत मारला. धा मिनिटांत बंपर हुता तसा. तेच तर त्याचं काम, मॅडम. तेच सांगून मी तो बसवतो. गवा धडकू दे, झाड धडकू दे, गरम करा की सरळ. मग टायर बदला म्हणाले. बदलले. जुने त्यांच्या माणसानं नेले, वीटभट्टीत जाळले म्हणं. मला त्या टायमाला हिंदुरावचं काय बी ठावं न्हवतं. दुपारी कळलं.’’

‘‘टायर कोणते होते?’’ डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं.

‘‘पस्तीस इंची, चिखलातले. आधीचे बी पस्तीसच, मीच घातलेले. कंपनीचे तिसाचे असत्यात.’’

‘‘मग वेगमापक दुरुस्त केलात?’’

‘‘न्हाई. आमच्यात कुणीच करत न्हाई. टायर मोठा घातला की काटा कमी दाखवतो. गाडी कमी फिरल्यागत दिसती. गिऱ्हाईकच म्हणतं, मिस्त्री, ऱ्हाऊ दे तसंच.’’

डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडले. ‘‘इंगवल्यांच्या गाडीच्या नोंदीत त्या सकाळी अठ्ठावन्न किलोमीटरचा वेग आहे. तीसच्या जागी पस्तीस इंची चाक एका फेऱ्यात सहावा हिस्सा जास्त रस्ता कापतं. म्हणजे काटा अठ्ठावन्नवर होता तेव्हा गाडी अडुसष्टनं धावत होती. शिवाय ते चाक जड, थांबायलाही उशीर. चालवणाऱ्याला वाटलं असेल, ब्रेक लागेल.’’

‘‘दहाचा फरक,’’ केरबा पुटपुटला. त्यात थट्टा नव्हती. ‘‘दहानं माणूस वाचला असता का, बाई?’’

‘‘ते मला सांगता येणार नाही.’’

‘‘वेगावरून धडक सिद्ध होत नाही,’’ मुजावर म्हणाल्या. ‘‘बंपरचं सांगा, मिस्त्री.’’

केरबानं घसा खाकरला आणि त्याचा जुना सूर परत आला. ‘‘पाच फेब्रुवारीला गाडी सर्व्हिसिंगला आली, आठवडाभर माझ्याकडंच हुती. म्हटलं, चालवून बघू. द्यायच्या दिवशी सकाळी दाजीपूरच्या रस्त्याला लागलो. काय थंडी म्हणता! चहावाल्यानं गिलास माझ्या हातात देईपर्यंत चहाचं सरबत झालेलं.’’

‘‘मिस्त्री.’’

‘‘बरं, कोमट झालेला. चहा घेऊन वळलो तर बंपर आत जातोय! कुणी हात लावलेला न्हाई, म्होरं कोण न्हाई. हळूहळू, पोट आत वढून घ्यावं तसा. आणि तोच गोल. माझा गिलास तिथंच पडला. चहावाला म्हणतोय, काका, गिलासाचे पैसे द्या. मी म्हटलं, लेका, हितं लोखंड साक्ष द्यायला लागलंय आणि तुला गिलासाची पडलीया!’’

मुजावर हसल्या नाहीत. या कथेवरच त्यांनी गाडी जप्त केली होती. ‘‘डॉक्टर, हे शक्य आहे?’’

‘‘बघूच.’’

दोन मदतनिसांनी गरम करून सरळ केलेला बंपर उचलून शीतकक्षात ठेवला. जाड काचेआड आकडे उतरत गेले. वीस अंश, पंधरा, दहा. काही घडेना. आठ अंशांवर काळ्या पत्र्यावर एक रेघ उमटली. मग ती वाकली, गोल झाली आणि तिच्या आतला भाग खोल बसत गेला. सगळं आवाज न करता. मुजावर यांनी पिशवीतून हिंदुरावची चेपलेली किटली काढली. तिच्या काठाला एका जागी जुना खोचा होता. बंपरवरच्या वर्तुळातही बरोबर त्या जागी तसाच खोचा दिसत होता.

‘‘या अल्ला,’’ मुजावर हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. ‘‘झालं, डॉक्टर! आता कसला गवा? सांगा, हे कसं होतं ते नीट सांगा. न्यायालयाला समजेल असं.’’

‘‘हा आकारस्मृती धातू आहे,’’ डॉक्टर म्हणाल्या. न्यायमुद्रकाकडे तोंड करून त्या शब्द मोजून बोलत होत्या. ‘‘याच्या अणूंची मांडणी दोन प्रकारची असते. गरम असताना एक, थंड असताना दुसरी. थंड असताना तो वाकवता येतो. गरम केला की अणू पहिल्या मांडणीत परततात आणि पत्रा मूळ आकार घेतो. कारखान्यात त्याला सरळ बंपरचा आकार शिकवलेला असतो. म्हणून झोत मारला की खड्डा जातो.’’

‘‘आणि थंडीत परत येतो.’’

‘‘एरवी येत नाही. नवा बंपर कितीही गार केलात तरी सरळच राहील. पण या धातूला दुसरी आठवणही लावता येते. मग तो गरम असताना एक आकार घेतो आणि गार झाला की आपण होऊन दुसरा. याला आम्ही द्विमार्गी स्मृती म्हणतो.’’

‘‘धडकेनं ती लागली.’’

डॉक्टरांनी आकड्यांचा कागद दुमडला. ‘‘मला न्यायालयानं दोन प्रश्न विचारलेत. बंपरमध्ये खूण आहे का आणि ती या किटलीशी जुळते का. दोन्हींचं उत्तर होय आहे. मी तेवढंच लिहिणार आहे.’’

‘‘तेवढ्यानं त्यांचा वकील ऐकणार नाही. तो विचारणार, आठवण कशी लागली. मला आजच हवंय.’’

‘‘मुजावर, मला वाटतं आपण इथं थांबावं.’’

‘‘का?’’

केरबानं खिशातून तपकिरीची डबी काढली होती. ती त्यानं न उघडताच ठेवून दिली.

‘‘विचारलंत म्हणून सांगते,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘एकदा वाकवल्यानं धातू काही शिकत नाही. त्याला घोकावं लागतं. गार असताना तोच दाब, त्याच जागी. मग गरम करून सरळ. पुन्हा गार, पुन्हा तोच दाब. दर वेळी अणूंच्या रचनेत थोडे थोडे दोष साठतात आणि ते दोषच पुढं त्याला त्या आकाराकडे ओढतात. पंधरा फेऱ्यांनी अंधूक आकार उमटतो. इतका स्पष्ट, खोच्यासकट उमटायला वीस तरी लागतात.’’



‘‘वीस,’’ मुजावर म्हणाल्या.

‘‘हां, मग बरोबर हाय की,’’ केरबा घाईनं म्हणाला. ‘‘गाडी उघड्यावर असती. सकाळी थंडी, दुपारी ऊन. बंपरनं आपापलंच घोकलं असंल. जानेवारीचे वीस दिवस मोजा की.’’

‘‘नुसतं ऊन आणि थंडी पुरत नाही, मिस्त्री,’’ डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. ‘‘आणि उन्हाची ऊब या धातूला कमीच पडते. त्याला ऐंशी अंश लागतात. शिवाय दर वेळी कुणीतरी दाबावं लागतं.’’

‘‘मग... मग अभयदादानं वीस जणास्नी उडवलं असंल!’’ केरबानं टेबलावर हात आपटला. ‘‘तुमास्नी तो माणूस ठाव न्हाई, मॅडम. त्या रस्त्यावरचे सगळे गवे तपासा. दर हिवाळ्याला तिथं कोण न् कोण मरतंय. हिंदुराव एकटाच कशावरनं?’’

‘‘सगळ्यांकडं हीच किटली होती?’’ मुजावर यांनी विचारलं.

‘‘दूधवाले लई हैत तिकडं.’’

‘‘हाच खोचा असलेली? आणि प्रत्येक जण बंपरच्या याच बोटभर जागेवर आदळला?’’

केरबानं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या चष्मा काढून पुसत होत्या.

‘‘किटली अक्काताईकडं होती,’’ मुजावर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. ‘‘पोलिसांनी भंगार म्हणून परत दिलेली. मागायला गेले तेव्हा ती म्हणाली, गॅरेजवाले केरबातात्या फेब्रुवारीत चेप काढून देतो म्हणून घेऊन गेले होते. आठवड्यानं परत आणून दिली, पण चेप तसाच.’’

‘‘ते... मला येळ झाला न्हाई.’’

‘‘तुमच्या गॅरेजमध्ये दाबयंत्र आहे. बर्फ समोरच्या आइस्क्रीमवाल्याकडं मिळतो. झोत आहेच.’’

‘‘मुजावर,’’ डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी न्यायमुद्रकाकडे बघत हलकेच मान हलवली, नको म्हणून.

‘‘मॅडम, तो खड्डा मी ह्या डोळ्यांनी बगितला हुता,’’ केरबा म्हणाला. त्याच्या सुरात थापेचा मागमूसही नव्हता. ‘‘असाच हुता. ह्याच जागी. अस्साच. आणि माझ्या ह्या हातानं मी तो पुसला, म्हणून...’’

मुजावर उभ्या राहिल्या. दाराच्या काचेपलीकडे अक्काताईचा पदर दिसत होता. न्यायमुद्रक चालूच होता; त्यांना थांबता आलं असतं. पण तीन महिने त्या या एका खुणेवर जगल्या होत्या आणि रागात शब्द विचारांच्या पुढं धावत होते.

‘‘खोटं बोलताय तुम्ही, मिस्त्री! हिंदुराव एकदाच मेला. बाकीच्या एकोणीस वेळा ही किटली तुम्ही दाबलीत.’’