कोपऱ्यातलं लाल बटण

दिवा मालवा, पण मध्ये कुणी हसलं तर मी उठून जाईन. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. तो क्ष-किरणांच्या त्या मोठ्या यंत्रावर कामाला होता. हरभऱ्याएवढा खडा शिशाच्या खोलीत ठेवायचा, किरणांसमोर गोल फिरवत हजारो फोटो काढायचे. खडा न फोडता त्याचं पोट आतून दिसतं.

त्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात एक लाल बटण. आत कुणी अडकलं तर ते दाबायचं, किरण बंद होतात. ते उगाचच काम थांबवतं म्हणून साहेबानं त्याची वायर तोडायला लावली. मेल्याचे हात कसे झडले नाहीत! वर्षाच्या आत तिथला फिटर, आमचा फिटरमामा, आत असताना बाहेरून दार लागलं आणि किरण सुटले. तीन महिने तळमळून गेला बिचारा. आणि चौकशीच्या कागदावर काय? 'फिटरने बटण दाबले नाही.' अजून तळपायाची आग मस्तकात जाते माझी. वायर जोडली तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तीही तशीच लोंबत ठेवली.

मार्चमधला बुधवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. दार लावण्याआधी कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन बघायचं, हा नियम. साडूनं आळस केला. दारातूनच विचारलं, कुणी आहे का? उत्तर नाही. दार लावलं.

किरण सोडण्याआधी अंधारातच पाच-सहा फोटो घेतात. ते काळेच यायला हवेत. पहिला काळा. दुसरा काळा. तिसऱ्यात... काहीतरी पांढरं.

अंगठ्याचं हाड. हाडात बारीक स्क्रू.

फिटरमामाच्या अंगठ्यात तस्साच स्क्रू होता. साडूच घेऊन गेला होता त्याला दवाखान्यात.

चौथा फोटो. अंगठा जवळ आलेला. पाचवा... अख्खा पडदा भरलेला. अंगठा काहीतरी दाबत होता. जिवाच्या आकांतानं.

साडूनं दार उघडलं. कोपऱ्याकडे धावला.

टेबलामागे त्या रात्रीचे खडे घेऊन आलेली संशोधक बाई. गुडघ्यांवर. कानांत हेडफोन. हातून पडलेला दुसरा खडा शोधत होती.

साडूला बघून तिनं हेडफोन काढले. म्हणाली, "हे बटण तुम्ही दाबलंत का?"

लाल बटण आत गेलेलं. त्यावरच्या धुळीत एकच ठसा... अंगठ्याचा.

सकाळी साहेब आला. बटण आधी बोटानं, मग पक्कडीनं ओढून बघितलं. हललं नाही. साडू एवढंच म्हणाला, "साहेब, आता तरी लिहा. दाबलं होतं त्यानं."

साहेबानं काही लिहिलं नाही. वायर अजून लोंबतेय. आणि बटण... ते अजून बाहेर आलेलं नाही.