मास्तरांकडे जोडते

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट ऑफिसात कळलं तर चार लोक हसतील. तरी लिहितेय, कारण जे घडलं ते मी या कानांनी ऐकलंय.

ही गोष्ट रात्रीची नाही. मंगळवार होता आणि दुपारचे पावणेचार वाजले होते. सगळे दिवे चालू होते आणि आजूबाजूला माणसं बसलेली.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

फायलींना कुलूप लावायचं एक सॉफ्टवेअर आहे. पासवर्ड विसरलेले लोक फोन करतात, तो फोन मी घेते. आठ वर्षं झाली. दिवसाला पन्नास-साठ फोन होतात. कुणी रडतं, कुणी शिव्या घालतं, कुणी "मी तोच पासवर्ड टाकतोय" हे वाक्य वीस वेळा म्हणतं. संध्याकाळी घरी गेल्यावर नवरा काही विचारायला आला तरी मी "एक मिनिट होल्ड करा" म्हणते. तो म्हणतो, "केलंय, लग्नापासून होल्डवरच आहे."

कामाची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पासवर्ड आम्हालाही माहीत नसतो. पण फोन करणाऱ्याच्या स्क्रीनवर सोळा आकडे येतात. ते त्याने आम्हाला वाचून दाखवायचे. आम्ही ते मशीनमध्ये घालतो, मशीन उत्तराचे सोळा आकडे देतं, ते आम्ही त्याला सांगतो. बरोबर टाकले की कुलूप उघडतं. एकूण दहा वेळा चुकलं की किल्ली कायमची पुसली जाते. मग ब्रह्मदेव आला तरी ते फोल्डर उघडत नाही.

सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचे आकडे मात्र एकाच मशीनवर निघायचे. सात नंबरच्या खुर्चीवर.

तिथे मास्तर बसायचे.

पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आम्हा सगळ्यांना काम त्यांनीच शिकवलं. घाबरलेल्या माणसाला आकडे कसे सांगायचे, याची त्यांची एक रीत होती. चार आकडे सांगायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. आता पुढचे चार." बास. समोरचा कितीही थरथरत असला तरी कधी चुकायचा नाही.

शेवटची दोन वर्षं ते आजारी होते. तरी यायचे. मी म्हणायचे, मास्तर, घरी जा. ते बोर्डाकडे बोट दाखवायचे. रांगेत किती फोन आहेत ते त्या बोर्डावर दिसतं. "ही संपली की जातो," म्हणायचे.

रांग कधी संपलीय का?

मास्तर गेले. त्यांच्या मशीनमधलं सगळं पुसून ते दुसरीकडे पाठवलं. जुन्या आवृत्तीचं काम बंद झाल्याचं वरून पत्र आलं. सात नंबरच्या टेबलावर फक्त रबरबँड लावून गुंडाळलेली एक वायर उरली.

त्या मंगळवारी मास्तरांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

पावणेचारला फोन आला. एक सून बोलत होती. तिच्या सासूबाईंच्या आतड्याला पीळ पडला होता आणि तासाभरात ऑपरेशन करायचं होतं. सासूबाईंना भुलीचं कुठलंतरी एक औषध चालत नव्हतं. पूर्वी एकदा दिलं, तेव्हा जेमतेम वाचल्या होत्या. ते औषध कोणतं, हे फक्त त्यांनाच माहीत आणि त्या शुद्धीवर नव्हत्या. तेव्हाचं हॉस्पिटल कधीच बंद पडलेलं. डॉक्टर म्हणाले, नाव कळलं तर टाळता येईल, नाहीतर देवावर हवाला.

सासूबाई स्वतः नर्स होत्या. स्वतःचं सगळं दुखणंखुपणं त्यांनी कॉम्प्युटरवर लिहून ठेवलं होतं.

कुलूप लावून.

नवरा हॉस्पिटलात आणि ही घरी, त्या कॉम्प्युटरसमोर. पासवर्ड नऊ वेळा चुकलेला. मी सवयीने विचारलं, घरच्यांच्या वाढदिवसाच्या तारखा टाकून बघितल्या का?

"नवऱ्याची बघितली, नातवाची बघितली," ती म्हणाली. "माझी नाही टाकली, ताई. माझी त्यांना कुठली आठवायला?"

एवढ्या घाईतही तिला हे बोलायचं सुचलं. मग तिचा आवाज फुटला. म्हणाली, भांडतो आम्ही, रोज भांडतो, पण त्या जायला नकोत हो.

मी तिला आवृत्ती विचारली. जुनी होती.

आता माझी चूक सांगते. सकाळपासूनचा तो एकेचाळिसावा फोन होता. डोकं बधिर झालं होतं. जुनी आवृत्ती म्हटलं की आठ वर्षं जे तोंडातून निघत आलंय, तेच निघालं.

"थांबा हं, मास्तरांकडे जोडते."

आणि मी सातचं बटण दाबलं.

ती "बरं" म्हणाली. फोन गेला.

मग मला कळलं, मी काय केलं ते.

बाई तिकडे मुक्या लाईनवर ताटकळत असणार आणि घड्याळ पुढे पळतंय. फोन परत ओढून घ्यायला मी बोर्डाकडे बघितलं. बोर्डावर प्रत्येक खुर्चीचा एक चौकोन असतो. रिकामी असेल तर हिरवा, बोलणं चालू असेल तर लाल, बंद असेल तर राखाडी. सात नंबर सव्वीस दिवस राखाडीच होता.

आता तो...

लाल होता.

मी उठून सातच्या टेबलाकडे गेले. खुर्ची आत सरकवलेली. मशीन नाही, हेडफोन नाही. वायर तशीच, रबरबँडमध्ये. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

परत जागेवर आले. एकमेकांचे फोन ऐकायचं एक बटण आमच्याकडे असतं, ते दाबलं.

आधी फक्त त्या सुनेचा श्वास ऐकू आला. मग तिने तिच्या स्क्रीनवरचे सोळा आकडे वाचून दाखवले. सावकाश, कुणीतरी ऐकून लिहून घेतंय अशा बेताने.

पलीकडून काही नाही. खरखर नाही, गुणगुण नाही. कुणी तोंडावर हात ठेवावा तशी शांतता.

मग ती म्हणाली, "हो, आहे पेन. सांगा."

शांतता...

"चार, नऊ, शून्य, दोन. लिहिलं."

शांतता...

"हो. घेतला श्वास."

तिला ही रीत मी सांगितली नव्हती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले. फोन तोडायला मात्र हात धजेना. तिला आकडे मिळत होते. कुठून मिळत होते ते विचारायची ती वेळ नव्हती. ते चुकले तर तो दहावा प्रयत्न ठरणार होता.

सोळाही आकडे झाले. ती टाकतेय, ते ऐकू येत होतं. टक. टक. टक.

मग काहीच नाही.

आणि मग ती रडायलाच लागली. उघडलं होतं. दुसऱ्या फोनवर तिने नवऱ्याला औषधाचं नाव सांगितलं, एकेक अक्षर फोडून, तीनदा. तो पलीकडून ओरडला, कळलं, कळलं, ठेव आता.

ती परत आमच्या लाईनवर आली. सर, तुमचे उपकार कसे फेडू, वगैरे म्हणत होती. मध्येच थांबली. काहीतरी ऐकत होती.

"मला नाही माहीत हो, सर," ती हळूच म्हणाली. "रांगेत अजून किती आहेत ते मला इथून कसं दिसणार?"

तिने फोन ठेवला.

सात नंबर लालच राहिला.

आता त्या लाईनवर कुणीच नव्हतं. बोलणारं नाही, ऐकणारं नाही. तरी लाल. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

आमचे कीर्तनकार बुवा सांगतात, जीव सुटतो, पण ज्यात जीव अडकला ते सुटत नाही. ते ऐकताना मी नेहमी मान डोलावते. त्या दिवशी त्याचा अर्थ समोर लाल होऊन बसला होता.

मी बोर्डाकडे बघितलं. रांगेत अकरा फोन.

मी बोलायचं बटण दाबलं.

"मास्तर," मी म्हटलं, "रांग संपली. कुणी नाही आता. घरी जा."

शांतता...

मग कुणीतरी खूप वेळ बसून उठतं, तेव्हा खुर्ची करते तसा एक बारीक आवाज आला.

चौकोन राखाडी झाला.

शेजारची मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, कुणाला सांगतेस रांग संपली म्हणून, अकरा जण तर खोळंबलेत. मी पुढचा फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. सासूबाईंनी डोळे उघडल्यावर पहिली चौकशी केली, माझं फोल्डर कुणी उघडलं? हे सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, ताई, त्या सरांची तब्येत बरी नाही का? आवाज फार थकलेला वाटला.

मी सातच्या खुर्चीकडे बघितलं.

ती म्हणाली, "मला दर चार आकड्यांनंतर श्वास घ्यायला सांगत होते. पण इतका वेळ कानाला फोन होता, त्यांचा स्वतःचा श्वास एकदाही ऐकू आला नाही."

त्या फोनचं रेकॉर्डिंग मी नंतर काढून ऐकलं. साडेसहा मिनिटांचं आहे. त्यात एकच आवाज आहे, सुनेचा. साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, बाईंना सासूचा पासवर्ड आठवला असेल, तू चार दिवस रजा घे. रजा घेतली. झोप लागली नाही.

इथेच थांबलं असतं, तर मी म्हटलं असतं की एका थकलेल्या जिवाला मी सोडवलं. चांगलं केलं.

पण मागच्या आठवड्यात एक म्हातारे सुतारकाका लाईनवर आले. बायको गेली होती. जाण्याआधी तिने यांच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं होतं. काय, ते त्यांना माहीत नाही. फोल्डरला कुलूप. आवृत्ती जुनी, प्रयत्न एकच उरलेला. आरडाओरडा काही नाही. फक्त म्हणाले, बघा जमलं तर, मी थांबतो, मला कुठे जायचंय?

नियमाप्रमाणे नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांना होल्डवर ठेवलं आणि चोरासारखी इकडेतिकडे बघून सातचं बटण दाबलं.

बोर्डावरचा चौकोन बघत बसले.

राखाडी.

कानात बंद लाईनचा लांबलचक सूर येत होता. तो ऐकून आधी मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

मग आठवलं, काका अजून होल्डवर आहेत.