टोकाच्या वर्गातली भिंत

दार लोटून घ्या रे कोणीतरी. आणि तू, तो मोबाईल खाली ठेव. अर्धवट ऐकून उद्या भलतंच सांगत सुटणारी माणसं मला चालत नाहीत.

माझा मावसभाऊ गवंडी. तुम्ही त्याला ओळखता, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. थाप मारायला थोडी कल्पना लागते, ती त्या माणसात औषधालाही नाही. म्हणून मी त्याचं खरं धरतो.

दोन वर्षांपूर्वी त्याला काम मिळालं. जुन्या कचेरीची शाळा करायची. जन्ममृत्यूचे दाखले मिळायचे ती कचेरी. मिळायचे म्हणजे काय, लोक खेटे घालून घालून चपला झिजवायचे, मीही झिजवल्यात. मिस्त्रीने तिथले काउंटर फोडले, लाकडी आडभिंती काढल्या, हात धुवायचे नळ मुलांच्या उंचीला आणले. जीव ओतून काम करत होता, कारण त्याची चिऊ त्याच शाळेत जाणार होती. सात वर्षांची झाली तरी पोर घरीच. आधीची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे होती आणि त्या रस्त्याची तिच्या आईने धास्ती घेतलेली. चिऊने तर जागाही ठरवून टाकली होती. दुसरा मजला, टोकाचा वर्ग, भिंतीकडेचा पहिला बाक.

शाळा उघडायची आदली रात्र. रविवार, चौदा तारीख. वहिनीची दवाखान्यात रात्रपाळी होती, म्हणून मिस्त्रीने चिऊला सोबत आणलं होतं. ती त्याच वर्गात ताडपत्रीवर झोपली, नवं दप्तर उशाला घेऊन. मिस्त्रीचं एकच काम उरलं होतं, गिलावा तपासायचं. थापीच्या दांड्याने भिंत ठोकत जायचं. चांगला असेल तर टणक आवाज येतो, सुटला असेल तर बद्द. बद्द वाजलं की खडूने गोल करायचा आणि तेवढं उकरून पुन्हा भरायचं. मुलांच्या डोक्यावर पोपडा पडायला नको.

सव्वाअकराला तो चिऊच्या भिंतीपाशी आला. ठोकलं. बद्द. जरा बाजूला ठोकलं, तिथेही बद्द. चांगला दरवाजाएवढा भाग पोकळ वाजत होता.

आणि पलीकडून दोन ठोके आले.

आता हे नीट ऐका. गवंड्यांची एक रीत असते. भिंतीला आरपार भोक पाडायचं असलं की एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. ओरडून ऐकू येत नाही, म्हणून ठोकून बोलतात. दोन ठोके म्हणजे, इथेच ना? तीन ठोके म्हणजे, हो, इथेच, फोड. बावीस वर्षांची सवय. मिस्त्रीला वाटलं, वायरमन आला असेल. डोक्याने विचार करायच्या आत हाताने उत्तर दिलं.

तीन ठोके.

पलीकडून फोडायला सुरुवात झाली.

छिन्नी नव्हती. हातोडा नव्हता. खरवडल्यासारखं. मिस्त्री दोन पावलं मागे आला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्या भिंतीपलीकडे खोलीच नाही. ती बाहेरची भिंत. दुसरा मजला. परांची तर त्याच संध्याकाळी उतरवली होती, त्याने स्वतः बांबू मोजून गाडीत भरले होते.

खरवडणं जवळ येत होतं.

गिलाव्याला केसाएवढी चीर गेली. चिऊच्या डोक्यावर. भुगा पडला तिच्या केसांत...

पळावं तर पोर तिथेच झोपलेली. पोरीला उचलावं तर त्या भिंतीपाशीच जावं लागणार. आणि त्याच्या तोंडून शब्द गेले. का गेले, ते त्याला आजही सांगता येत नाही.

“आता बंद झालंय. उद्या या.”

थांबलं.

एकदम... सगळंच.

मग पावलं ऐकू आली. जिना उतरत गेल्यासारखी. सावकाश. एकेक पायरी. भिंतीच्या बाहेरून.

चिऊ उठून बसली होती. “बाबा, कोण होतं?”

“कोणी नाही. झोप.”

“मग उद्या कोणाला बोलावलंत?”

मिस्त्रीने तिला खांद्यावर टाकलं आणि घर गाठलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोर बसणार त्याच बाकाशी, आणि आपण आपल्या तोंडाने बोलावणं देऊन आलो. सकाळी सहाला तो घण घेऊन शाळेत हजर. शाळेचा शिपाई जुन्या कचेरीतलाच होता. मिस्त्रीने त्याला सगळं सांगितलं.

म्हातारा म्हणाला, तिथे खिडकी होती. एक माणूस यायचा मुलीच्या जन्माच्या दाखल्यासाठी. दाखला नाही म्हणून शाळेत घेत नव्हते तिला. तीन वर्षं आला. शेवटच्या दिवशीही तेच ऐकलं, आणि त्याने त्या खिडकीतून उडी टाकली. मग साहेबांनी खिडकी विटांनी बुजवून घेतली.

“साहेब नुसती मान हलवायचे,” शिपाई म्हणाला. “उद्या या, असं मीच म्हणायचो.”

मिस्त्रीने भिंत फोडायला घेतली. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, धावत आल्या. घंटेला तास उरला असताना हे काय चाललंय, म्हणून चिडल्या. तो म्हणाला, वर्गात उजेड कमी आहे, खिडकी करून देतो, माझ्या खर्चाने. आता तिथे खिडकी आहे, जाळीची. चिऊ तिथेच बसते. पुन्हा काही झालं नाही. माझा मात्र त्या कचेरीतल्या लोकांवरचा राग अजून गेलेला नाही.

पण विटा काढल्यावर आत जुनी चौकट निघाली, दोन्हीकडून बंद. तिच्या खालच्या लाकडावर एक कागद होता. पिवळा पडलेला, कडा कुरतडल्यासारख्या. मोठ्या बाईंनी तो उघडून वाचला. मुलीला शाळेत घ्यावं, असा अर्ज. खाली बापाचा अंगठा. मग त्यांनी हजेरीपट मागवला आणि त्या मुलीचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं.

अर्जावर तारीख होती. पंधरा. त्याच सकाळची. महिना तोच, वर्षही तेच.

बाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला, तर शाई पुसली गेली.