पाहुणस्मृती

वैराटपूरच्या बालेकिल्ल्यावर माणसांना बंदी येऊन बावीस वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं होतं. वर जाऊन लोक करत काय होते? बुरुजावर बदाम कोरून आत आपली नावं, तोफेच्या तोंडात वेफर्सची रिकामी पाकिटं! आता गडदर्शन खाली बाजारपेठेतल्या केंद्रात, खुर्चीत बसून, अकरा मिनिटांत मिळे. एका तयार गिर्यारोहकाने एकट्याने गड पाहायचा आणि त्याची ती आठवण बाकीच्यांच्या मेंदूत उतरवायची. तिला म्हणत पाहुणस्मृती. दम नाही, घाम नाही. ऐतखाऊंची चंगळच!

त्या केंद्रातल्या रांगेत मिलिंद पोफळे बसले होते. वय बहात्तर, गुडघे निकामी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत बायकोची तुटकी चप्पल. लग्नानंतर दोघं गडावर गेली, तेव्हा अर्ध्या वाटेत तृप्तीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती नवऱ्याच्या नावाने खडे फोडत अनवाणी बुरुजापर्यंत चढली. वर पोचल्यावर मात्र स्वतःच हसत सुटली. तृप्ती जाऊन सहा वर्षं झाली होती. अलीकडे ते हसणं पुसट होऊ लागलं होतं. बुरूज पुन्हा नीट दिसला की तीही दिसेल, असं पोफळ्यांना वाटत होतं.

"काका, शेवटचं विचारते," डॉ. रेवा ठोसर म्हणाल्या. "आधी कधी वर गेला होता?"

"छे हो! फॉर्मवर लिहिलंय की."

"गेलेल्यांना आम्ही हे देत नाही, म्हणून विचारलं. मेंदूतल्या काही पेशी जागा लक्षात ठेवतात. त्या स्थळपेशी. त्या जागी घडलेलं सगळं त्यांच्याच आधाराने टिकतं. आमची आठवण त्यांच्यावरच बसते. आधीची असली तर कायमची जाते."

पोफळे मनात हसले. अख्खी नोकरी लोकांचे फॉर्म तपासण्यात गेलेली. त्यावरचे निम्मे प्रश्न उगाच असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. घरी पाहुणा आला म्हणून घरच्यांना कुणी बाहेर काढतं का? या पोरीला काय कळतंय! अतिशहाण्यांना सांगणार कोण?

अकरा मिनिटांनी ते खुलून उठले.

"काय नजारा हो डॉक्टर! नदीचं वळण, सगळं शहर. वर चिटपाखरू नाही. कसली शांतता!"

मग पिशवीत डोकावून, चप्पल बाहेर काढत त्यांनी नाक मुरडलं.

"ही कुणाची चप्पल? तीही तुटकी! लोक कुणाच्याही पिशवीत काहीही टाकतात. कचऱ्याचा डबा कुठाय?"

ठोसरांचा चेहरा पडला. त्यांनी चप्पल पोफळ्यांच्या हातातून काढून घेतली.

"काका, खरं सांगा. कुणाबरोबर गेला होता वर?"

"किती वेळा तेच विचारणार?" पोफळे वैतागले. "कधीच नाही गेलो. बायकोला एकदा न्यायचं होतं, तेही राहूनच गेलं."