दुखतं कुठे, पुस्तक कुठे

“माझ्या आत्याचा गुडघा कुठे ठेवलात हो?”

तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. ग्रंथालयाच्या नोंदणी खोलीत ती वहीत डोकं खुपसून बसली होती. मान वर केली, तर दारात पुस्तकं बांधणारा एक उंच बाइंडर... बोटांना खळ, चेहऱ्यावर अगदी खरी काळजी.

“गुडघे आम्ही ठेवत नाही,” ती म्हणाली. “पुस्तकं ठेवतो.”

“तेच ते!”

आत्या म्हणजे चाळीस वर्षं ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून लोकांना उभं करणारी बाई. आता तिला पान भिंग धरून वाचता येई, पण फळीवरची नावं दिसत नसत. चिनी वैद्यकाची आपली तीनशे बारा पुस्तकं तिने ग्रंथालयाला दिली ती एकाच अटीवर: हवं ते पुस्तक आपण येऊन आपल्या हाताने काढणार. तिच्या घरी मांडणी शरीरासारखी होती. सगळ्यात वर डोकं, तळाशी पाऊल. हात घातला की पुस्तक. आणि इथे आमच्या या बाईसाहेबांनी आठ दिवस खपून सगळी क्रमांकाने लावली होती. स्वतंत्रपणे लावायला मिळालेला पहिलाच संग्रह, त्यामुळे स्वतःवर भलत्याच खूश होत्या.

“शनिवारी ती येणार,” तो म्हणाला. “हाताला लागलं नाही, तर सगळी परत घेऊन चल म्हणालीये.”

तिचा चेहरा उतरला. तो घाईघाईने म्हणाला, “मला मांडणी पाठ आहे. लहानपणापासून धूळ मीच पुसलीय.”

मुख्य ग्रंथपालांनी बजावलं, “क्रमांक हलता कामा नये.”

“क्रमांक नाही हलणार, सर. फक्त जागा हलेल.” आणि तिने वहीत नवा रकाना आखला. खांदा, कंबर, पोटरी.

देवघेवीच्या खिडकीवरच्या काकूंचं लक्ष पुस्तकांपेक्षा माणसांवर जास्त. “सोमवारी एकदा,” त्या पुटपुटल्या, “मंगळवारी दोनदा, आज जेवणाची सुट्टी धरून चारदा. चांगलंय!”

“काकू, तो काम करतोय.”

“मी कुठे नाही म्हटलं?”

आत पानांतून, आत्या उपचाराला जाळी त्या औषधी पाल्याचा वास येई, आणि तो शेजारी उभा राहिला की त्यात खळीचा वास मिसळे. तिला दोन्ही आवडू लागले होते, ही नोंद मात्र तिने कुठेच केली नाही.

“मान?” ती विचारी.

“मान इथे.” तो स्वतःचीच दाखवी.

“मला फळी दाखवा.”

“फळी माझ्या मानेइतकीच उंच आहे. बघा मोजून.”

तिने पेन्सिलीचं टोक लावलं.

“आई गं! आत्यासुद्धा इतकं टोचत नाही.”

“त्यांना अनुभव आहे. मी शिकतेय.”

शुक्रवारी शेवटचं पुस्तक तळाच्या फळीवर गेलं. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट मनात आलं, उद्यानंतर हा कशाला येईल?

शनिवारी आत्या आली. भाच्याचा हात झटकून थेट कपाटापुढे उभी राहिली. बोटं फिरली... खांदा सापडला. कंबर सापडली. मग ती म्हणाली, “आता डोकेदुखी,” आणि हात गेला कमरेखालच्या फळीवर. तिथे भलतंच पुस्तक!

“आत्या, ते वर आहे,” तो म्हणाला. “डोक्यापाशी.”

आत्याचा चेहरा कडक झाला. “गाडी बोलाव. पुस्तकं भरू.”

“थांबा!” ती मध्येच बोलली. डोकेदुखीच्या पुस्तकाची नोंद करताना एक पान तिने वाचलं होतं; पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं, आणि चित्र हाताचं. तिने आत्याचा हात धरला, अंगठा आणि तर्जनीच्या मधे हलकेच दाबलं. “डोकं दुखलं तर सुई इथे ना? दुखतं तिथे नाही... टोचायचं तिथे पुस्तक. म्हणजे हाताचा पंजा येतो त्या फळीवर. अर्ध्या तासात सगळं तपासून लावते. तोवर बसाल?”

आत्या भाच्याकडे वळली. “वीस वर्षं नुसती धूळ पुसलीस, पुस्तकं कधी पाहिली नाहीस, मेल्या! हिला एका आठवड्यात कळलं.” आणि खुर्ची ओढून बसली. “राहू देत पुस्तकं इथेच. मी काकूंशी गप्पा मारते. तुम्ही दोघं लावा... सावकाश लावा.”

कपाटामागे दोघंच उरले.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “गुरुवारी शिवायला नेली होती ना दोन पुस्तकं... ती चांगली होती. मीच उसवली.”

“पुस्तकं उसवलीत?” ती किंचाळायचीच राहिली.

“पुन्हा शिवली! आधीपेक्षा घट्ट. यायला काहीतरी कारण हवं होतं...”

तिने पुस्तकं छातीशी धरली. रागावायचं होतं, ओठ ऐकेनात.

“सोमवारी या,” ती म्हणाली.

“आता काय राहिलंय?”

“काही नाही. काम संपलं... म्हणून तर बोलावतेय.”

“बरोबर काही आणू—?”

“काही नको. नुसते या.”